रेनकोटाच्या आतली नावाची पट्टी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेत तोंडाला मास्क लावून, नाव न सांगता लोकांना गाडीत कोंबणाऱ्या इमिग्रेशन अधिकाऱ्यांच्या बातम्या सोलापुरातही वाचल्या जातात. इथली मुले तिकडे शिकायला, नोकरीला आहेत, म्हणून काळजीनेही वाचल्या जातात. तिथल्या केंद्रीय नियमानुसार अधिकाऱ्याने, शक्य आणि सुरक्षित होताच, आपण कोण आहोत आणि अटक कशासाठी हे सांगायचे असते. पण ओळखीपुरते ‘इमिग्रेशन अधिकारी’ एवढे म्हटले की नियम पाळला गेला. नाव सांगायची सक्ती त्यात नाही. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर 2025 मध्ये मास्कबंदीचा आणि ओळख दाखवण्याचा असे दोन कायदे केले, तर केंद्र सरकार कोर्टात गेले.

आपला कायदा याहून कडक आहे, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 36 नुसार अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर त्याचे नाव अचूक, स्पष्ट आणि दिसेल असे हवे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम 41-ब होते आणि त्याच्याही आधी, 1996 च्या डी. के. बसू निकालात, सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावले होते. साध्या कपड्यांतल्या पथकाला यात सूट नाही. पाळत ठेवताना साधे कपडे लागतात, हे मान्य. पण हात धरून गाडीत बसवले की पाळत संपली.

घोळ होतो तो इथे. पावसाळ्यात पट्टी रेनकोटाखाली जाते, थंडीत जॅकेटखाली. ओळखपत्र मागितले तर खिशातून निम्मे बाहेर येते, अंगठा नेमका नावावर असतो आणि दोन सेकंदांत ते परत आत जाते. नाव, हुद्दा, बक्कल नंबर आणि फोटो एवढे वाचून होईपर्यंत कार्ड समोर धरायला काय हरकत आहे? दागिने रुमालात बांधायला लावणारे तोतया पोलीस याच झटपट कार्डावर जगतात. व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ करणारे तर कार्डही पडद्यावरच दाखवतात. अशी अटक कायद्यात नाहीच.

परदेशी नागरिकांच्या पडताळणीत हे सगळे जास्त टोचते. 1 सप्टेंबर 2025 पासून लागू झालेल्या इमिग्रेशन व विदेशी नागरिक कायद्याने 1946 चा विदेशी कायदा मोडीत काढला, पण आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार त्याच माणसावर ठेवला. या कायद्याखाली विनावॉरंट अटक करणारा किमान हवालदार हवा. म्हणजे नुसते नाव नव्हे, हुद्दाही कळायला हवा. शिवाय ज्याच्यावर भार, त्याचीच मूळ कागदपत्रे पोच न देता नेली तर तो सिद्ध काय करणार? (आधार कार्ड हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे आधार कायद्याचे कलम 9 सांगते, त्यामुळे जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला यांना मोल येते.) जून 2025 मध्ये मुंबई परिसरातून नेऊन सीमेपार धाडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर भारतीयच निघाले, त्यांना परत आणावे लागले.

दुसरी पळवाट ‘चौकशी’ या शब्दाची. ‘अटक नाही, चौकशीला नेतोय’ म्हटले की अटकेचा कागदच होत नाही. तो झाला तरी वेळ लिहिली जाते ठाण्यात टेबलावर बसल्यावरची, कारखान्यातून उचलल्याची नव्हे, आणि कोर्टापुढे हजर करायचे चोवीस तास तिथून मोजले जातात. या कागदावर कुटुंबातल्या किंवा त्या वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते. अटक झालेल्याचीही लागते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागाशेजारीच झोपणाऱ्या परप्रांतीय कामगाराचे इथे कुटुंब नसते. मग ठाण्यातला नेहमीचा पंच पुढे येतो. त्याऐवजी मुकादम किंवा शेजारच्या दुकानदाराला बोलवावे. नातेवाइकाला कळवायचे तर नंबर मोबाइलमध्ये आणि मोबाइल आधीच जप्त. मालकांनी हजेरीपुस्तकात प्रत्येक कामगाराच्या घरचे दोन नंबर लिहून ठेवले तरी ही अडचण सुटेल.

कारणांचेही तसेच. नोव्हेंबर 2025 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अटकेची कारणे त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत लेखी द्या. लगेच जमले नाही तर कोर्टापुढे रिमांडसाठी नेण्याच्या किमान दोन तास आधी तरी द्या. तेलुगू, कन्नड, उर्दू घराघरांत बोलल्या जाणाऱ्या या शहरात मराठी छापील फॉर्मवर अंगठा घेऊन हे भागणार नाही.

याच नव्या संहितेच्या कलम 37 प्रमाणे अटक झालेल्यांची नावे, पत्ते व गुन्ह्याचे स्वरूप ठाण्यात ठळकपणे लावायचे असते आणि ती माहिती ठेवायला सहायक फौजदार किंवा त्यावरचा अधिकारी नेमायचा असतो. घरच्यांनी ठाण्यात गेल्यावर आधी या अधिकाऱ्याचे नाव विचारावे आणि फलक पाहावा.

राहिला रेनकोट. त्यावर बाहेरून नाव शिवायला किती खर्च येतो, हे गणवेश शिवणाऱ्या सोलापुरात कुठल्याही कारखान्यात विचारता येईल. मृगाच्या आत काम होईल.

आपले,
फौजदारी कामे पाहणारे काही वकील,
सोलापूर