बिजाचे रोप बाटलीत होईल, पुढचे काय?

संपादक महोदय,

देशी झाडांची रोपे टिश्यू कल्चरने (झाडाचा छोटा तुकडा प्रयोगशाळेत बाटलीत वाढवून) करावीत, अशी मागणी हल्ली वरचेवर वाचायला मिळते. साकोली तालुक्यात अकरा वर्षे छोटी रोपवाटिका चालवतो, त्यामुळे मला ती मनापासून पटते. करंज, सीताफळ बियांपासून सहज होतात. अडते ते बिजा या झाडाशी (तिकडे पुण्याकडे त्याला बिबला म्हणतात). गेल्या उन्हाळ्यात त्याच्या दोनशे शेंगा गोळा केल्या. गोल, पापडासारखी कडा आणि मधे टणक गाठ. काही चिरल्या, काही भिजवल्या, काही शेणकाल्यात ठेवल्या. पिशव्यांत रोपे उभी राहिली एकतीस. मोहाची तऱ्हा वेगळी. त्याचे बी ताजे लावले तर झकास उगवते, पण साठवून ठेवले की काही आठवड्यांत गेले.

तंत्र नवे नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने १९८० मध्येच शंभर वर्षांच्या सागाच्या डोळ्यांपासून फुटवे वाढवल्याचे प्रसिद्ध केले होते. आपल्याकडचा केळीवाला शेतकरी तर आज सर्रास बाटलीतलेच रोप मागतो. पण बिजा म्हणजे केळी नव्हे. जुन्या झाडाचा डोळा कापला की काप काळा पडतो, आणि झाडासोबत आलेली बुरशी बाटलीत पसरते ती वेगळीच. म्हणून पुष्कळदा कोवळ्या रोपट्यापासूनच सुरुवात करतात. रोपे मिळतात, पण त्या रोपट्याचे झाड सरळ होणार की वाकडे, हे कुणी सांगावे?

खरी मेख मात्र बाटलीबाहेर आहे. दोन वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून टिश्यू कल्चरचा मानवेल बांबू घेतला, तीनशे रोपे. गाडी आली मे महिन्याच्या मध्यात. "हार्डनिंग झालेलं आहे भाऊ, काही टेन्शन नाही." हार्डनिंग म्हणजे बाटलीतले रोप हळूहळू बाहेरच्या हवेला सरावणे. बाटलीत तापमान २५ अंश, हवा ओलीचिंब, पानावर मेणाचा थर नीट धरलेला नसतो, रंध्रे वेळेवर मिटत नाहीत. ते रोप इथल्या ४५ अंशांत आणले तर काय होणार? तिसऱ्या दिवशी शेडनेटखालीच पानांच्या कडा जळलेल्या कागदासारख्या झाल्या. पोळ्यापर्यंत चाळीसही उरली नव्हती. पैशाचे दुःख होतेच, पण बायकोने रोज सकाळ-संध्याकाळ फवारे मारले होते, ते जास्त लागले.

म्हणून प्रयोगशाळेच्या इमारतीआधी गावोगावी हार्डनिंगची शेड उभारावी, असे मला वाटते. बचत गटाच्या बाया ते काम शिकतील; ओल हळूहळू कमी करत न्यायची, ऊन थोडे थोडे वाढवायचे, घाई करायची नाही. रोपे शेतकऱ्याच्या हाती जुलैत पडावीत, मेमध्ये नव्हे. आणि मातृवृक्ष, म्हणजे ज्यांच्यापासून रोपे करायची ती झाडे, एक-दोन नकोत, निदान पंचवीस-तीस हवेत, वेगवेगळ्या जंगलांतले. एकाच देखण्या बिजापासून दहा हजार रोपे केली, तर एका रोगाला एकच दार उघडायचे उरते. पनामा मर रोगाने ग्रो मिशेल या केळीच्या वाणाची तीच गत केली. कुठला बिजा सरळ वाढला, कुठल्या चारोळीला दरवर्षी फळ धरते, हे गुराख्यांना आणि मोह वेचणाऱ्या बायांना पाठ आहे. ग्रामसभेत बसून यादी करायला एक दुपार पुरते.

आमच्या गावाच्या शिवेवर एक मोठा बिजा होता. मागच्या हिवाळ्यात तो रात्रीतून तोडला गेला. सकाळी गेलो तर खुंटातून लाल चीक ओघळून मातीत सुकला होता. आता त्या खुंटाला हातभर फुटवे आले आहेत. असे कोवळे फुटवे जुन्या फांदीपेक्षा बाटलीत चांगले चालतात. मी भोवती बोराट्या लावून कुंपण केले आहे, पण बकऱ्यांचा भरवसा नाही. कुणा प्रयोगशाळेला हवे असतील तर पंधरा दिवसांत यावे.

— एक रोपवाटिकाचालक, ता. साकोली, जि. भंडारा