डार्करूममध्ये तबला ठेवू देणाऱ्या काकांना

प्रिय काका,
स. न. वि. वि.

माझ्या टी.वाय.च्या प्रोजेक्टमधलं आभाराचं पान मी आदल्या वर्षीच्या फाइलवरून जसंच्या तसं उतरवलं होतं. प्राचार्य, विभागप्रमुख, गाइड, आईबाबा आणि अगदी शेवटी 'शिक्षकेतर कर्मचारी'. त्या दोन शब्दांत तुम्ही, फिजिक्स लॅबमधले काका. परवा माळा आवरताना ती फाइल हाती लागली आणि लाज वाटली, म्हणून हे पत्र. फोनवर नाव घालू का विचारलं तर "कशाला उगाच" म्हणालात. नाही घालत. ओळखणारे ओळखतील.

आपलं कॉलेज ते केवढं! तळमजल्यावर आर्ट्स, दुसऱ्या मजल्यावर सायन्स, मध्ये कॉमर्सची गर्दी. गुरुवारी दुपारी माझं फिजिक्सचं प्रॅक्टिकल आणि नेमकी तेव्हाच खाली युवा महोत्सवाची तालीम. एक सर म्हणाले, "बाई, एक काहीतरी धर." तालमीतल्यांचंही तेच म्हणणं, फक्त त्यांच्या बाजूनं. (आता 2020 च्या शैक्षणिक धोरणानंतर मेजर, मायनर असलं काय काय आलंय. आमच्या वेळी दोन्हींच्या मधे फक्त जिना होता.) तुम्ही सल्ला दिलाच नाहीत. शुक्रवारच्या बॅचला एक टेबल रिकामं असतं, एवढं सरांच्या कानावर घातलंत आणि माझी बॅच बदलली.

कळवा ते ठाणे एकच स्टेशन, पण सकाळच्या लेडीज डब्यात तबला-डग्ग्याची बॅग घेऊन चढून दाखवावं कुणी! "भांडी आहेत का गं?" हा प्रश्न मी तीन वर्षं ऐकला. त्यात पावसाळ्यात खाडीवरची दमट हवा, पुडी (तबल्याच्या तोंडावरचं चामडं) रोज उतरलेली. तुम्ही डार्करूमच्या, म्हणजे लॅबमधल्या प्रकाशाच्या प्रयोगांच्या अंधाऱ्या खोलीच्या, कपाटातला खालचा कप्पा मोकळा करून दिलात. वर प्रिझम आणि लेन्सचे डबे, खाली माझा तबला. शेजारी सोडियमचा दिवा तासन्‌तास चालू, त्यामुळे खोली कशी कोरडी ठणठणीत. तालमीआधी मी किल्ली मागायला यायचे आणि तुम्ही वर न बघता ड्रॉवर पुढे सरकवायचात.

प्रोजेक्टचा विषय तिथेच सुचला. साधं चामडं ताणून वाजवलं तर त्यातून निघणारे वरचे सूर मूळ सुराच्या 1.59, 2.14, 2.30 असल्या अडनिड्या पटीत येतात, म्हणून त्याला धड सूर लागत नाही. तबल्याला मात्र मधोमध शाईचं, म्हणजे त्या काळ्या गोल थराचं, वजन असतं. त्यानं तेच सूर जवळजवळ 2, 3, 4, 5 पटीवर येऊन बसतात. सी. व्ही. रामन यांनी 1920 साली एका सहकाऱ्याबरोबर 'नेचर'मध्ये हे छापलं होतं. मी आपली मोबाइलवर रेकॉर्ड करून, ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून तेच मोजत बसले होते. आणि माझं काही केल्या 2 येईना. 1.9 च्या आसपासच घोटाळत होतं. आठवडाभर मी सॉफ्टवेअरला शिव्या दिल्या.

तुम्ही काचेची भांडी पुसत होतात. फडकं खांद्यावर टाकलंत, तबला उजेडाकडे तिरका धरून शाईवर टिचकी मारलीत. "कडेची शाई उडालीय ह्याची. आकडे काय करतील बिचारे?" मग म्हणालात की भजनाला बसताना पखवाजाच्या धुमेला (डाव्या, खर्जाच्या तोंडाला) कणीक लावता, ती थोडी जास्त झाली की आवाज बसतो, वाळली की पुन्हा चढतो. "वजनाचाच खेळ ना हा तुमचा?" माझ्या प्रोजेक्टचा तिसरा चॅप्टर म्हणजे हे एवढंच, फक्त बारा पानांत.

शाई नवी करून आणली तेव्हा रामन यांच्यासारखी पुडीवर वाळू टाकून कुठला भाग हलतो ते बघू असं मी म्हणाले, तर तुम्ही आधी तबल्याला हात लावून नमस्कार केलात. "वाद्यावर माती टाकतोय, विचारून घेतलेलं बरं." घरून आणलेल्या चहाच्या गाळण्यानं बारीक वाळू चाळलीत आणि चिमटीनं पुडीवर भुरभुरवलीत. मी अनामिका शाईच्या कडेला टेकवली आणि तर्जनीनं चाटेवर (पुडीच्या काठावरच्या पट्टीवर) 'ना' हा बोल वाजवला. वाळू उडाली, सरकली. चार-पाचदा वाजवल्यावर बोटापाशी सुरू होऊन शाईवरून थेट पलीकडे जाणारी एक रेघ उरली. त्या रेघेवर पुडी हलत नाही. बोट तिथे टेकतं म्हणून मूळ सूर दबतो आणि वरचा खणखणीत वाजतो. क्लासात आठ वर्षं "बोट टेकव, बोट टेकव" म्हणून ओरडा खाल्ला होता, तो याचसाठी. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून वाकून बघत होतात. पाच वाजून गेले होते, शिपाई खालून दिवे बंद करत वर येत होता. "अजून एकदा वाजव," म्हणालात.

त्या दिवशी निघताना तुम्ही विचारलं होतंत की डग्ग्याची शाई मधोमध का नसते, एका बाजूला का. तेव्हा मला नीट सांगता आलं नव्हतं. आता थोडंफार सांगता येईल, पण करून दाखवायला आवडेल. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की डग्गा घेऊन घरी येते. गाळणं मात्र तुमचंच लागेल, माझ्याकडच्यातून वाळू जाडी पडते.

तुमची,
शुक्रवारच्या बॅचमधली तबलेवाली