ट्रान्सथायरेटिन अँटीबॉडीचा नवा लॉट चालत नाहीये, बदलून द्या

नमस्कार,

आधी दोन मेल टाकले, दोन्हीला 'प्रोटोकॉल ऑप्टिमाइझ करा' हेच छापील उत्तर आलं, म्हणून आता सगळं एकदाच लिहितेय. कृपया शेवटपर्यंत वाचा.

पणजीजवळच्या आमच्या लॅबमध्ये ट्रान्सथायरेटिन हे रक्तातलं छोटं प्रोटीन ओळखणारी तुमची रॅबिट अँटीबॉडी आम्ही दोन वर्षं वापरतोय आणि आधीच्या लॉटबद्दल एका शब्दाची तक्रार नाही, वेस्टर्न ब्लॉटमध्ये (जेलवर प्रोटीन आकाराप्रमाणे वेगळी करून मेम्ब्रेनवर अँटीबॉडीने ओळखायची चाचणी) सिरम लोड केलं की 14 किलोडाल्टनला, म्हणजे ह्या प्रोटीनच्या एका सुट्या रेणूच्या वजनाला, स्वच्छ बँड. ह्या वेळी नवा लॉट मागवला तर पार्सल चवथीच्या आदल्या दिवशी आलं, अर्धी लॅब गावाला पळालेली, नशीब मी होते. खोका खालून भिजलेला, जेल पॅक दाबला तर पाण्याच्या पिशवीसारखा लिबलिबीत, आणि वर तुमचंच स्टिकर, 'थंड ठेवा'! तरी म्हटलं असू दे, अँटीबॉडी एवढ्याने मरत नाही, लगेच छोटे भाग करून वजा 20 मध्ये टाकली.

पण पहिल्याच ब्लॉटला 14 ला काहीच नाही आणि वर 65 च्या आसपास जाडजूड बँड. तुमचा माणूस म्हणतो हा टेट्रामर, म्हणजे चार रेणूंचा जोड, असेल. अहो, टेट्रामर 55 चा असतो, आणि मी सॅम्पल असे जोड तोडणारी एसडीएस आणि मर्कॅप्टोइथेनॉल घालून 95 डिग्रीला पाच मिनिटं उकळते, त्यात तो टिकणार कसा, फार तर थोडा डायमर (दोनाचा जोड) राहील, तो 30 च्या खाली दिसेल. सिरममध्ये 66 ला काय असतं? अल्ब्युमिन, आणि तेही ढिगाने. माझा संशय तिथेच आहे, नवी अँटीबॉडी तेच पकडतेय.

मग विचारलंत मेम्ब्रेन कुठली. लहान प्रोटीन आरपार निघून जातं हे माहीत आहे म्हणून 0.2 मायक्रॉन छिद्रांचीच वापरते, जेल 15 टक्क्यांचं, आणि पॉन्सोमध्ये (मेम्ब्रेनवरची सगळी प्रोटीन दाखवणारा रंग) खालचे बँडही दिसले होते.

खरी गोष्ट पुढे आहे. जुन्या लॉटचे शेवटचे काही मायक्रोलिटर उरले होते, ते जपून ठेवले होते, तर एकच मेम्ब्रेन मधोमध कापली, दोन्हीकडे तेच सिरम आणि शेजारी शुद्ध रिकॉम्बिनंट (लॅबमध्ये बनवलेलं) ट्रान्सथायरेटिन. जुन्याने दोन्ही ठिकाणी 14 ला बँड दिला. नव्याने सिरममध्ये पुन्हा तोच 65 चा, आणि शुद्ध प्रोटीनच्या लेनमध्ये काहीच नाही, कोरी. सेकंडरी अँटीबॉडी (पहिलीला चिकटून सिग्नल देणारी) तीच, एक्सपोजर तेवढंच. वाटेत गरम होऊन खराब झाली असती तर सिग्नल फिका पडला असता, नुसता फिका पडून बँड 14 वरून 65 ला चढत नाही ना!

आणि नव्या लॉटच्या डेटाशीटवर फोटो जुन्या लॉटचाच आहे, कोपऱ्यातला ओरखडासुद्धा तोच. म्हणजे हा लॉट तुम्ही तपासलात की नाही? ह्याचं सरळ उत्तर द्या.

'प्रोटोकॉल ऑप्टिमाइझ करा' असं परत लिहू नका, त्यात माझे तीन आठवडे आणि ग्रँटचे पैसे गेलेत, मॅडमना रोज उत्तर मला द्यावं लागतं. जुना लॉट शिल्लक असेल तर तो पाठवा, नसेल तर पैसे परत करा. ब्लॉटचे न कापलेले फोटो सोबत जोडलेत. उरलेली ट्यूब फ्रीझरमध्ये आहे, हवी तर परत देते, कुरिअरचा खर्च तुमचा. आणि नवीन पाठवाल तर सोमवारी निघेल असं बघा, शनिवारी निघालेलं पार्सल इथे दोन दिवस गोडाऊनमध्ये पडून राहतं.