फियाटचा वास सापडला, बस तू खाली

मन्या,

फोन उचलले नाहीत, मेसेजला नुसते अंगठे पाठवले, शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी, शुगर आहे तिथंच. फियाटमधला पेट्रोलचा वास सापडला, आणि तुला नाही तर कुणाला सांगू, घरात विषय काढला की बायको उठून जाते.

दिवाळीनंतर सुरू झालं बघ, मागच्या सीटवर बसलं की डोकं भणभणायचं. मेस्त्री बॉनेट न उघडताच म्हणाला कार्बोरेटर ओव्हरफ्लो, किट टाकू. टाकलं. मग म्हणे पंपाचा डायफ्राम. तोही झाला. मग म्हणे आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतं, जुनं रबर खातं ते. खातं, मान्य, पण वास पुढे नव्हताच ना, मागे होता! त्यात पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते, आणि आमच्या पार्किंगला लागून तुळस. आईला म्हटलं थोडे दिवस दिवा लावू नकोस. तिनं गाडीच बाहेर काढायला लावली. फियाट रस्त्यावर लिंबाखाली, वर कावळे, टपाची अवस्था विचारू नकोस.

मग डोक्यात आलं की टाकी फुल असली तरच वास येतो, द्वारका चौकात वळण घेतलं की भपकन, अर्ध्यावर आली की गायब. म्हणजे गळती वरच्या अंगाला. डिकी रिकामी केली, पेट्रोल भरायच्या तोंडाकडून टाकीत येतो ना तो रबरी पाइप, त्याच्या जॉइंटला टाल्कम पावडर फासली, टाकी फुल केली आणि सोमेश्वरपर्यंत चक्कर मारून आलो. टॉर्च मारला तर पांढऱ्या पावडरीत खालच्या बाजूनं ओला ओघळ, रबर फुगून चिकट झालेलं, नख लावलं तर साल निघाली. आणि वर क्लिपऐवजी पिळलेली तार.

आठवली का तार? सापुताऱ्याच्या आदल्या रात्रीची? रेडिएटरच्या होजचा तुकडा लावलास साहेब तू! तेव्हाच भांडलो होतो की पाण्याचा होज पेट्रोलला चालत नाही, फुगतो. तर म्हणे इंजिनिअर कोण आहे? अरे सिव्हिलचा! टिकला इतकी वर्षं, कारण आपण टाकी फुल केलीय कधी? शंभरचं टाक, दोनशेचं टाक, पेट्रोल त्या होजपर्यंत पोचलंच नाही. आत्ता कुठे मला फुल करायची ऐपत आली.

बॅटरीची निगेटिव्ह काढली, पेट्रोल कॅनमध्ये उपसलं, इथेनॉल चालणारा पेट्रोलचाच पाइप घातला, क्लिपा नव्या. पुन्हा फुल करून द्वारकेला मुद्दाम जोरात वळवली, काही नाही. बायको म्हणते अजून येतो. तो डिकीतल्या मॅटचा, गच्चीवर उन्हात टाकलंय पण तिला कोण सांगणार.

काकांचं मोतीबिंदूचं झालं का? पोरीच्या ॲडमिशनचं कळव. फ्लॅटचा ताबा मिळाला की नाही तेही.

तुझा तो तुकडा फेकलेला नाही. वहिनींना दाखवायचाय.

पश्या