नॅनोयंत्रांचंही 'चोरबीटी' होईल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतली नॅनोयंत्रांची विज्ञानकथा दोनदा वाचली. साल 2090. डोळ्यांना न दिसणारी यंत्रं माणसाच्या धमन्या साफ करतात, नदीतलं विष खातात. मग एक तुकडी बिघडते, स्वतःच्याच प्रती काढत सुटते आणि महिनाभरात अर्धा खंड फस्त करते. शेवटी जागतिक परिषद बसते, अध्यक्ष लाल बटण दाबतात, संकट टळतं. कथा झकास आहे. पण मी यवतमाळ जिल्ह्यात तीस वर्षं कृषी सेवा केंद्र चालवलं. परवाने, स्टॉक रजिस्टर आणि नमुने घ्यायला येणारे निरीक्षक यांच्यातच हयात गेली, त्यामुळे त्या लाल बटणापाशी अडखळलो.

भीती तशी जुनीच. अमेरिकी अभियंते एरिक ड्रेक्सलर यांनी 1986 साली ती मांडली आणि तिला नाव पडलं 'ग्रे गू'. (इंग्रजीतला गू म्हणजे चिकट राडा. आपल्याला हसू येणारच, पण अर्थ फार लांबचा नाही.) अणूला अणू जोडून स्वतःची प्रत काढणारी यंत्रं होणंच शक्य नाही, असं रसायनशास्त्रातले नोबेलविजेते रिचर्ड स्मॉली म्हणत. अणू उचलून बसवायला जी बोटं लागतील तीही अणूंचीच, म्हणजे त्या कामाला फार जाड. शिवाय उचललेला अणू बोटाला चिकटेल तो सुटणारच नाही. ड्रेक्सलर यांचं उत्तर असं की, पेशीतली एन्झाइम्स बोटांशिवायच जोडणी करतात ना? 2003 मधला हा वाद काही मिटला नाही. पण पुढच्याच वर्षी ड्रेक्सलर यांनी एका सहलेखकाबरोबर लिहिलं, की मोकाट फिरून स्वतःला वाढवणारं यंत्र बनवायची मुळात गरजच नाही, टेबलावर पक्का बसवलेला छोटा कारखाना तेच काम करील. गरज नाही हे मान्य. पण गरज नसलेल्या किती वस्तू मी स्वतः विकल्या आहेत!

नॅनो आमच्या काउंटरवर आलंसुद्धा. 2021 साली खत नियंत्रण आदेशात, म्हणजे कोणती खतं विकता येतील ते ठरवणाऱ्या सरकारी आदेशात, नॅनो युरिया बसवला गेला. एकीकडे 45 किलोची गोणी, दुसरीकडे अर्ध्या लिटरची बाटली, आणि काम म्हणे सारखंच. पहिल्या हंगामात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने बाटली उजेडात धरून हलवली आणि विचारलं, "भाऊ, यात काय हाय? मले तर पाणीच दिसते." मी लेबल वाचून दाखवलं, झाकणाने माप कसं घ्यायचं ते सांगितलं. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मात्र माझ्याकडे नव्हतं. पुढे पंजाब कृषी विद्यापीठाच्या चाचण्यांत गहू-भाताचं उत्पादन घटल्याचं आलं, तेव्हा तो म्हातारा आठवला. दरम्यान युरियाच्या गोण्या हव्या असतील तर बाटल्याही उचला, हे लिंकिंग सुरू झालेलंच होतं.

आता नियमनाबद्दल. युरोपात 2013 पासून सौंदर्यप्रसाधनांच्या घटक-यादीत त्या घटकापुढे 'नॅनो' असं छापावंच लागतं. चांगलं आहे. पण लेबलाचा भरवसा आमच्या जिल्ह्याला विचारा. 2017 च्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन इथे सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले. बाटल्यांवर विष किती जहाल ते सांगणारे रंगीत त्रिकोण होते, बारीक अक्षरांत सूचनाही होत्या. पाठीवर पंप घेऊन छातीएवढ्या कपाशीत शिरलेल्या माणसाने त्या कधी वाचायच्या?

त्याहून महत्त्वाची गोष्ट चोरबीटीची, म्हणजे चोरून विकल्या जाणाऱ्या बिनपरवाना बीटी बियाण्याची. बीटी कापसाला (बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या) सरकारी परवानगी मिळाली 2002 मध्ये; गुजरातच्या शेतांत तो त्याआधीच, 2001 मध्ये, उभा सापडला होता. तणनाशक सहन करणाऱ्या कापसाला तर मंजुरीच नव्हती, तरी निंदणाची मजुरी वाचते म्हणून बियाणं गावोगाव पोचलं. जून 2019 मध्ये अकोट तालुक्यात शेतकऱ्यांनी त्याची जाहीर पेरणी केली. धाडी पडत होत्या, पाकिटं जप्त होत होती, आणि पीक वाढत होतं. स्वतःची प्रत काढणाऱ्या वस्तूला परवानगी नाकारून भागत नाही, हे आम्ही परिषदेविनाच शिकलो.

यावर एक तोडगा जाणकार सुचवतात: यंत्राला असा खुराक लागावा, जो निसर्गात मिळतच नाही, म्हणजे ते सुटलं तरी उपाशी मरेल. मला तो पटतो, पण त्यातली मेखही दिसते. खुराक विकणार कोण? दरवर्षी ज्याच्या दारात जावं लागेल तो भाव ठरवणार. भाव चढला की कुणीतरी बिनखुराकाचं यंत्र बनवणार आणि लोक ते घेणार, कारण परवडेल. म्हणून माझं म्हणणं एवढंच: मोकाट वाढणारं यंत्र प्रयोगशाळेतही बनवू नये, आणि खुराकावर चालणाऱ्याची परवानगी देतानाच खुराकाचा भाव बांधून द्यावा. सुरक्षेच्या कुलपाची किल्ली गल्ल्यात राहिली, तर ते कुलूप फोडलं जाणारच.

आपल्या लेखकांना एक विनंती कळवावी. पुढच्या कथेत परिषद नको, एक दुकान दाखवा. रात्रीचे नऊ, शटर अर्धं खाली. एकजण वाकून आत येतो, थैलीतून बिनलेबलाचं पाकीट काढून काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, "शेठ, बिल मागू नका."

आपला,
एक निवृत्त कृषी सेवा केंद्र चालक,
जि. यवतमाळ