टीव्हीची संमती मराठीत का मागत नाहीत?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कापूस-सोयाबीनचे चुकारे हातात आले की आमच्या भागात घरोघरी टीव्ही बदलतात. ३२ इंची स्मार्ट टीव्ही आता शेतमजुराच्या घरातही दिसतो, आणि त्यात वावगं काहीच नाही. मी यवतमाळ जिल्ह्यात डिश आणि टीव्ही बसवायचं काम करतो. त्यामुळे खोकं फोडल्यापासून पडद्यावर चित्र येईपर्यंत जे काही होतं, ते रोज माझ्या डोळ्यांसमोर होतं. त्यातल्या एका गोष्टीबद्दल हे पत्र लिहितो आहे.

टीव्ही पहिल्यांदा सुरू केला की तो आधी भाषा विचारतो, मग नेट मागतो. वाय-फाय बहुतेक घरी नसतंच, पोराच्या मोबाईलचा हॉटस्पॉट लावतात. नेट लागलं की इंग्रजी मजकुराची पानंच्या पानं समोर येतात आणि खाली ‘अ‍ॅग्री टू ऑल’ हे बटण आधीच उजळलेलं असतं. रिमोटचं मधलं बटण दाबलं की मोकळे. नको म्हणायचं असेल तर बाण दाबत खाली उतरा, एकेका ओळीपुढची खूण काढा, मग पुढे जा. घरची लेकरं खोळंबलेली असतात, मेकॅनिकला पुढचं गाव गाठायचं असतं. ‘दाबा ना काका ओके, नाहीतर चालूच नाही होत तो,’ असं सांगणारे आमच्याच धंद्यातले लोक आहेत. पण हे खरं नाही. वापराच्या मूळ अटी मान्य कराव्या लागतात, एवढंच. काय पाहता त्याची नोंद, आवडीनुसार जाहिराती, आवाजाची नोंद यांच्या संमती सहसा वेगळ्या असतात. त्या नाकारल्या तरी डिश दिसते आणि यूट्यूबही चालतं.

कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन सावकारांनी ज्या मुलखात जमिनी गिळल्या, तिथल्या माणसाला न वाचता दिलेल्या होकाराची किंमत सांगायला नको. फक्त इथेही तोच प्रकार चालला आहे, हे त्याच्यापर्यंत पोहोचलेलं नाही.

ओके दाबून आपण देतो काय? बऱ्याच स्मार्ट टीव्हींत एसीआर नावाची सोय असते. पडद्यावर जे चालू आहे त्याचे बारीक नमुने टीव्ही स्वतःच घेतो, त्यांचा ठसा बनवून कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवतो. तिथल्या साठ्याशी तो जुळवला की या घरात कोणतं चॅनेल, कोणती मालिका, कोणती जाहिरात किती वेळ चालली ते कळतं. लंडन, कॅलिफोर्निया आणि माद्रिदच्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०२४ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत सॅमसंग व एलजीचे टीव्ही तपासले. एचडीएमआयने दुसरं यंत्र जोडून टीव्हीचा नुसता पडदा म्हणून वापर केला, तरीही ही देवाणघेवाण चालू राहत असल्याचं त्यांना आढळलं. आपण सेट-टॉप बॉक्स ज्या वायरने जोडतो, तीच ही एचडीएमआय. सेटिंगमध्ये जाऊन संमती काढून घेतल्यावर मात्र ही पाठवापाठवी थांबली, हेही त्याच अभ्यासात आहे. म्हणूनच हे पत्र लिहिण्यात अर्थ आहे.

ग्राहकांचं हित जपणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने २०१७ मध्ये व्हिझिओ या टीव्ही बनवणाऱ्या कंपनीवर ठपका ठेवला होता. सुमारे १ कोटी १० लाख टीव्हींवर लोक सेकंदासेकंदाला काय पाहतात ते कंपनीने त्यांच्या नकळत गोळा केलं आणि विकलं, असा तो आरोप. २२ लाख डॉलर भरून कंपनीने प्रकरण मिटवलं. पुढे वॉलमार्टने २.३ अब्ज डॉलर मोजून ही कंपनीच विकत घेतली, ती मुख्यतः तिच्या जाहिरातींच्या धंद्यासाठी. डिसेंबर २०२५ मध्ये टेक्सास राज्याने सॅमसंग, सोनी, एलजी, हायसेन्स आणि टीसीएल या पाच कंपन्यांवर याच कारणासाठी खटले भरले. टीव्ही एवढे स्वस्त का झाले, याच्या उत्तराचा एक भाग इथे आहे. विकल्यानंतरही टीव्ही कंपनीला कमावून देत राहतो.

आता घरातलं पाहा. टीव्ही लावला की पहिल्या पानावर अर्धा पडदा व्यापणारी जाहिरात. एका घरी सासरे, सून आणि लहान पोरी जमिनीवर बसलेल्या, आणि वर रक्ताने माखलेल्या कुठल्याशा वेबसिरीजचं पोस्टर. ‘हे काय दाखवून राह्यला हा टीव्ही? आम्ही तं लावलंच नाही,’ असं त्या माउलीने मला विचारलं. खरंच तिने काहीच लावलं नव्हतं. शिवाय आपोआप चालणाऱ्या त्या व्हिडिओंचा डेटा पोराच्या रोजच्या दीड जीबीतून कापला जातो. पैसा आपला आणि जाहिरात त्यांची.

मी बसवलेल्या टीव्हींवर आता काय करतो ते सांगतो. घरात फक्त फ्री डिश पाहायची असेल तर टीव्हीला नेट देतच नाही. प्रसार भारतीची डीडी फ्री डिश महिन्याच्या पैशाविना चालते, तिला हॉटस्पॉट लागत नाही. नेट दिलेलं असेल आणि नको असेल तर सेटिंगमध्ये जाऊन ते नेटवर्क विसरायला लावतो. यूट्यूब हवंच असेल तर सॅमसंगवर ‘टर्म्स अँड प्रायव्हसी’मध्ये जाऊन ‘व्ह्यूइंग इन्फर्मेशन’ आणि ‘इंटरेस्ट बेस्ड अ‍ॅडव्हर्टायझिंग’ बंद करतो. एलजीवर हीच नोंद घेणारं ‘लाइव्ह प्लस’ बंद करतो. अँड्रॉइड टीव्हीवर ‘प्रायव्हसी’त ‘युसेज अँड डायग्नोस्टिक्स’ बंद करून ‘अ‍ॅड्स’मध्ये जाहिरातींचा आयडी काढून टाकतो. गुगल टीव्ही असेल तर ‘अ‍ॅप्स ओन्ली’ मोड लावला की पहिलं पान बरंच सुटसुटीत होतं. फायर टीव्हीवर आपोआप चालणारे व्हिडिओ ‘फीचर्ड कंटेंट’मधून थांबवता येतात. मॉडेलप्रमाणे नावं थोडी बदलतात. यामुळे जाहिराती पूर्ण जात नाहीत, हे गिऱ्हाईकाला स्पष्ट सांगतो. त्या आपल्या सवयी पाहून लागणं कमी होतं. टीव्ही अपडेट झाला की या खुणा पुन्हा तपासाव्यात. जुना टीव्ही विकताना किंवा कुणाला देताना फॅक्टरी रिसेट करावा, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा करावा, नाहीतर आपलं गुगल खातं परक्याच्या घरी जातं.

पण प्रत्येक घरी मेकॅनिक कुठे पुरणार? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्यानंतर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. हा कायदा म्हणतो की संमती मोकळेपणाने, समजून-उमजून दिलेली हवी, आणि ती काढून घेणं देण्याइतकंच सोपं हवं. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्याय माणसाला मिळाला पाहिजे. मराठी त्या अनुसूचीत आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायलाही हा कायदा मनाई करतो. आता टीव्ही काही एकट्याचा नसतो. त्याच्यासमोर अंगणवाडीतल्या लेकरापासून दहावीच्या पोरीपर्यंत सगळे बसतात. एका ओकेवर या सगळ्यांच्या आईबापांची संमती कशी काय धरली जाते?

संमतीची ही कलमं लागू व्हायला मे २०२७ उजाडणार आहे. तोवर कंपन्यांनी वाट पाहत बसायचं काही कारण नाही. मराठी मालिकांच्या जाहिराती त्यांना मराठीत दाखवता येतात, मग चार ओळींची संमतीही मराठीत मागता येईल, आणि ‘नको’चं बटण ‘हो’च्या शेजारी, तेवढंच मोठं ठेवता येईल. तालुक्याच्या दुकानदारांनी टीव्ही विकताना गिऱ्हाईकाला ही पानं दाखवून विचारावं. माझ्या धंदेबंधूंनाही विनंती आहे की घरच्यांच्या हातातला रिमोट घेऊन स्वतः ओके दाबू नका. फार तर पाच मिनिटं जास्त लागतात.

आपण तालुक्याच्या पानावर एकेका कंपनीच्या टीव्हीची ही सेटिंग चित्रांसह मराठीत छापावी, अशी विनंती करतो. कात्रण टीव्हीमागच्या भिंतीला चिकटवायला मी घरोघरी नेईन.

आपला वाचक,
एक डिश मेकॅनिक
ता. घाटंजी, जि. यवतमाळ