गावच्या पाण्याचा अहवाल फळ्यावर लावा

महोदय,

ग्रामपंचायतीला हिरवे कार्ड मिळाले की गावचे पाणी शुद्ध, असा समज नाशिक जिल्ह्यात सगळीकडे आहे. तो धोक्याचा आहे. हे कार्ड स्वच्छता सर्वेक्षणावरून ठरते. त्यात विहिरीचा कठडा, जलवाहिनीची गळती, व्हॉल्व्हचे खड्डे, टीसीएलचा (पाण्यात टाकायच्या क्लोरीनयुक्त ब्लिचिंग पावडरीचा) साठा बघतात. पाण्यात नायट्रेट किती आहे, हे त्यावरून कळत नाही. निफाड-दिंडोरीकडे गावची विहीर द्राक्षबागेच्या उताराखाली असेल, तर खताचा निचरा तिच्यात उतरतो. उकिरडे आणि शोषखड्डे त्यात भर घालतात. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त असलेले पाणी सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या दुधात कालवू नये. टीसीएलने नायट्रेट जात नाही. उकळून तर पाणी आटते, नायट्रेट तेवढेच राहते, म्हणजे प्रमाण उलट वाढते. पाणी उकळून बाळाला पाजणाऱ्या आईला हे सांगणार कोण?

तपासणी ठरलेली आहे : रासायनिक वर्षातून एकदा, जैविक पावसाळ्यापूर्वी आणि नंतर. अहवाल ग्रामपंचायतीत येतो आणि फायलीला लागतो. त्यावरच्या ‘पिण्यास अयोग्य’ या दोन शब्दांवरून गावाने काय समजायचे? कठीणपणा जास्त असेल तर डाळ शिजत नाही. ई-कोलाय हा विष्ठेतून येणारा जंतू सापडला असेल तर गावात जुलाब पसरू शकतात. दोन्हींवर शिक्का एकच.

नमुना चुकला तर अहवालही खोटा निघतो. रासायनिक तपासणीचा कॅन त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळायचा असतो. जैविक तपासणीची बाटली मात्र अजिबात विसळायची नाही. ती निर्जंतुक असते आणि क्लोरीन मारण्यासाठी तिच्यात सोडियम थायोसल्फेट घातलेले असते. ते विसळताना वाहून गेले, तर वाटेतही क्लोरीन जंतू मारत राहते आणि दूषित नळाचा अहवाल स्वच्छ येतो. बाटली बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत, फार तर चोवीस तासांत प्रयोगशाळेत पोचली पाहिजे. सुरगाणा, पेठच्या पाड्यांवरून हे सोपे नाही, म्हणून नमुने घेण्याचा दिवस गाडीच्या वेळेवरून ठरवावा. आणि नमुना केवळ विहिरीचा नको. गळक्या जलवाहिनीत गटाराचे पाणी शिरते ते विहिरीच्या पुढे, त्यामुळे शेवटच्या घराचा नळ तपासलाच पाहिजे.

टीसीएलचेही तसेच. हजार लिटरला ५ ग्रॅम या हिशेबाने पन्नास हजार लिटरच्या टाकीला २५० ग्रॅम लागते. पण पोते दमट खोलीत उघडे राहिले की पावडरीतला क्लोरीन उडून जातो. वजन बरोबर भरते, पण शेवटच्या नळाच्या पाण्यात ओटीचे (क्लोरीन ओळखणाऱ्या ऑर्थोटोलिडीन द्रावणाचे) थेंब टाकले तर पिवळी छटाच येत नाही. तिथे लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवे. ओटीचा रंग लगेच वाचावा. पाच मिनिटांनी वाचला तर संयुक्त क्लोरीनही (पाण्यातल्या इतर घटकांशी जोडला गेलेला, जंतूंवर कमी चालणारा) धरला जातो आणि आकडा फुगतो.

आमची मागणी साधी आहे. ग्रामपंचायतीबाहेरच्या फळ्यावर मराठीत लिहा : नमुना कोणत्या तारखेला, कोणत्या नळाचा, काय सापडले, मर्यादा किती, आणि पाणी सुधारेपर्यंत लोकांनी काय करायचे. जंतू सापडले तर ‘पाणी उकळून प्या’, नायट्रेट वाढले तर ‘बाळासाठी दुसरे पाणी घ्या, उकळून उपयोग नाही’, इतके स्पष्ट. अमेरिकेत १९९६च्या कायदेदुरुस्तीपासून पाणीपुरवठा योजनांना दरवर्षी ग्राहकांसाठी अहवाल काढावा लागतो. पाचशे लोकांची योजनाही त्यातून सुटत नाही. आपल्याकडे त्यासाठी एक फळा आणि खडू पुरेल. जंतूंचा अहवाल आला तर मात्र फळ्यावर थांबू नये. त्याच दिवशी दवंडी द्यावी, आशाताईंना कळवावे आणि टाकी धुऊन, क्लोरीन देऊन पुन्हा नमुना पाठवावा. दुसऱ्या तपासणीचा निकालही त्याच फळ्यावर, पहिल्याच्या खाली, पहिला न पुसता लिहावा.

— पाणी गुणवत्ता तपासणीच्या कामातील काही वाचक, नाशिक